टेम्पोत भरल्यावर लिंब कुणाचा? चोरीचं लाकूड पकडायचं कुठं?

उन्हातली सावली (धागा सुरू करणारा):
गेली तीन वर्षं आम्ही सात-आठ जण सोलापूर-बार्शी, मोहोळ-पंढरपूर आणि मंगळवेढ्याकडच्या जुन्या रस्त्यांवरची झाडं मोजतोय. खोडाला टेप लावायचा, घेर लिहायचा, फोटो काढायचा, चार महिन्यांनी परत जायचं. चोरीचं लाकूड निघतं कुठून, एवढंच शोधायचं होतं.

जे दिसलं ते सांगतो. उन्हाळ्यात बांध पेटवतात, तेव्हा रस्त्याकडेच्या लिंबाच्या (कडुलिंबाच्या) बुंध्याशीही धसकटं रचून आग लावतात. एका उन्हाळ्यात झाड मरत नाही. दोन-तीन वर्षं तसंच केलं की एका बाजूनं पोकळ होतं आणि वळवाच्या वाऱ्यात आडवं पडतं. मग रात्रीत कटर चालतो, पहाटे टेम्पो निघतो. वर कडब्याच्या पेंढ्या, खाली लिंब. मोहोळच्या वाटेवर दोन मिठ्यांत न मावणारा एक लिंब आम्ही असाच गमावला. त्याचे तीन फोटो माझ्याकडे आहेत, चौथ्यात फक्त राख आहे.

कायद्यात मेख अशी की 1964 चा वृक्षतोड नियमन अधिनियम 16 जातींपुरता आहे. साग, चंदन, खैर, आंबा, चिंच, जांभूळ, मोह वगैरे. लिंब आणि बाभूळ त्यात नाहीत. शेतकऱ्यानं स्वतःच्या बांधावरचा लिंब विकला तर या कायद्यानं तो गुन्हा नाही, आणि नसावाच. रस्त्याकडेचा लिंब मात्र सरकारी, तो तोडणं ही चोरी. पण गाडीत भरल्यावर दोन्ही सारखेच दिसतात. अडवलं की "शेतातला हाय साहेब" हे उत्तर ठरलेलं. ते खोटं कसं पाडणार?

माझं म्हणणं : लिंब-बाभळीच्या प्रत्येक खेपेबरोबर गट नंबर असावा. 2021 पासून ई-पीक पाहणीत, म्हणजे पीक नोंदवायच्या सरकारी मोबाईल ॲपवर, बांधावरची झाडं नोंदवायची सोय आहेच. त्या नोंदीत झाड असेल तरच विकत घेणाऱ्यानं माल उतरवून घ्यावा. टेम्पोवाला पकडून काही होत नाही, दुसऱ्या दिवशी दुसरा येतो.

कोरडवाहू:
माझा साफ विरोध. बांधावरच्या लिंबाचा वसवा ज्वारीला किती पडतो ते आधी बघा. झाडाखाली दोन-तीन काकऱ्या कणीसच धरत नाहीत. तरी आम्ही ते झाड ठेवतो, कारण दवाखाना निघाला किंवा पोरीची फी भरायची आली तर तेच विकून पैसा उभा राहतो. आमच्यासाठी ती बँकच आहे. आता त्यालाही कागद लावताय. ॲप उघडायला आमच्या शिवारात रेंज नाही. नोंद चुकली तर दुरुस्तीसाठी किती चकरा, ते शहरातल्या माणसाला कळणार नाही. व्यापारी हे बरोबर ओळखतो आणि "तुझी नोंद नाही" म्हणून निम्म्या भावात झाड मागतो.

आणि बुंध्याला आग लावतात हे खरं आहे, मी डोळ्यांनी पाहिलंय, लपवत नाही. पण का लावतात? रस्त्याच्या झाडाच्या फांद्या माझ्या रानावर येतात. छाटायची परवानगी मागितली, वर्ष उलटलं, उत्तर नाही. मी काडी लावली नाही. शेजाऱ्यानं लावली.

वखारीतला:
आमची वखार आजोबांपासूनची. आरा गिरणी म्हटलं की लोकांना चोरच दिसतात, म्हणून लिहितोय. सुप्रीम कोर्टाचा जंगलतोडीवरच्या गोदावर्मन खटल्यातला पहिला मोठा आदेश डिसेंबर 1996 चा, आणि 2002 मध्ये नव्या गिरण्यांवर बंधन आलं. आमच्याकडे परवाना आहे, आवक-जावक वही आहे, वनखात्याचे लोक ती तपासतात.

पूर्वी बाभूळ गाडीच्या चाकाला, कुळवाला, नांगराला लागायची. सुतार स्वतः येऊन लाकूड ठोकून बघायचे. आता कुळव लोखंडाचा आणि गाडीला टायर. लिंब-बाभळीचा बहुतेक माल टनावर जळण म्हणून जातो, वीटभट्टीत, बॉयलरमध्ये. तिथं कसली वही? एकदा पेटलं की पुरावाही संपला. तुम्ही वखारीच्या दारात उभे राहाल आणि माल मागच्या रस्त्यानं भट्टीवर जाईल. वही लावायची तर जळण घेणाऱ्याला लावा.

माळावरची:
मला वेगळीच भीती आहे. नान्नजचं माळढोक पक्ष्याचं अभयारण्य 1979 चं. तेव्हा क्षेत्र 8,496 चौरस किलोमीटर होतं, नंतर कमी करून 1,222 वर आणलं. माळढोकाला मोकळा गवताळ माळ लागतो. त्या माळांवर आपणच हौसेनं गिरिपुष्प, सुबाभूळ लावली, आणि वेडी बाभूळ (आपल्या बाभळीहून वेगळी, बाहेरून आलेली काटेरी जात) तर न लावता पसरली. ती काढणं हे इथलं खरं संवर्धन. तुम्ही "बाभूळ" एवढंच लिहून कागद मागितलात, तर वेडी बाभूळ काढणाराही अडकेल आणि माळ आणखी बुजेल. झाड म्हटलं की वाचवायचंच, हा नियम आपल्या जिल्ह्याला लागू नाही.

वारीचा वाटसरू:
पालखी मार्गाच्या रुंदीकरणात वारकऱ्यांना सावली देणारे जुने वड गेले, तेव्हा सगळे परवाने होते. आधी त्यावर बोला.

उन्हातली सावली:
वाटसरू, ते दुःख मलाही आहे. त्या वडांखाली मीही बसलोय. पण परवाना घेऊन तोडलं म्हणून चोरी सोडून द्यायची, हे मला मान्य नाही.

माळावरची, तुमचं बरोबर आहे, माझं चुकलं. वेडी बाभूळ आणि सुबाभूळ यातून पूर्ण वगळायची. वखारीतले, वही जळण घेणाऱ्याकडे हवी हेही पटलं.

कोरडवाहू, तुमच्याशी मात्र अर्धंच जमतं. कागद नको तर नको. टेम्पोत सगळं जातं, पण बुडखा जमिनीतच राहतो. तोडण्याआधी उभ्या झाडाचा आणि तोडल्यावर बुडख्याचा, ठिकाण दाखवणारा असे दोन फोटो. फोन रेंजशिवायही ते टिपून ठेवतो. ना सही, ना चक्कर. रस्त्याकडेच्या झाडांचे घेर आमच्या यादीत आहेतच, ताडून बघता येईल.

कोरडवाहू:
फोटो काढायला हरकत नाही. पण तो मी व्यापाऱ्याला देणार, कुठल्या ऑफिसात जमा करणार नाही. आणि छाटणीचं उत्तर तुम्ही टाळलंत. परवानगी मेच्या आधी मिळाली नाही तर काड्या लागतच राहणार, तुम्ही कितीही मोजा.

वखारीतला:
आणि सक्ती नसेल तर भट्टीवाला फोटो मागणार नाही. स्वस्त माल कोण परत पाठवतो?

उन्हातली सावली:
छाटणीचं खरंच टाळलं होतं. आमच्या यादीत शेतावर झुकलेल्या फांद्यांची वेगळी खूण करतो आणि परवानगीचा अर्ज गटवार, एकत्र देतो. कोरडवाहू, तुमच्या शिवारापासून सुरू करू का? रविवारी सकाळी टेप घेऊन येतो.