मदत हवी आहे: डिझेल गाडीचा टर्बो घरीच बदलायचा आहे

कोथरूडकर:
गाडी 2013 ची, 1.3 लिटर डिझेल, 90 पीएस, व्हीजीटी टर्बो (आतली पाती हलवून हवेचा दाब कमी-जास्त करणारा), ती पाती हलवणारा, व्हॅक्यूमवर चालणारा अ‍ॅक्च्युएटर. चढावर पिकअप मिळत नाही, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की निळा धूर येतो आणि शिट्टी वाजल्यासारखा आवाज. इंजिन ऑइल भराभर कमी होतंय. टर्बोकडे जाणारा हवेचा पाइप काढून बघितला, आतून ओला आहे. शाफ्ट बोटाने धरला तर आत-बाहेर हलतो. ऑइल-फिल्टर, ब्रेक पॅड ही कामं मी करतो, टर्बोला हात पहिल्यांदाच. सोसायटीच्या पार्किंगमध्ये जमेल का? आधी काय काय आणून ठेवू? नुसती कार्ट्रिज (शाफ्ट आणि बेअरिंगचा मधला भाग) बदलली तर भागेल का?

गॅस्केट:
शाफ्ट बाजूला किंचित हलला तर घाबरायचं कारण नाही, तो ऑइलच्या थरावरच फिरतो, त्यामुळे तेवढी जागा असते. आत-बाहेर हाताला जाणवण्याइतका हलत असेल तर मात्र टर्बो गेलाच.

जमेल, पण नट सोडण्याआधी तो का गेला ते शोधा. टर्बो आपोआप फार क्वचित जातो. मूळ कारण तसंच ठेवून नवा बसवला तर तोही त्याच वाटेने जातो, कधीकधी पहिल्याच दिवशी.

पहिला संशय ऑइल फीड पाइपवर, म्हणजे टर्बोला ऑइल पोचवणाऱ्या नळीवर. घाट चढून आल्या आल्या इंजिन बंद केलं की टर्बोत अडकलेलं ऑइल जळून कार्बन धरतं. पाइप आतून चिंचोळा होतो, बँजो बोल्टात (पाइप जोडणारा पोकळ बोल्ट) बारीक जाळी असेल तर ती बुजते. तार घालून साफ करू नका, सुटलेला कार्बन थेट नव्या बेअरिंगमध्ये जातो. पाइप आणि बँजो बोल्ट नवेच घ्या. दुसरा संशय क्रँककेस ब्रीदरवर, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीवर. तो तुंबला की इंजिनात दाब वाढतो, टर्बोतून खाली येणारं ऑइल अडतं आणि सील ओलांडून बाहेर पडतं. अशा वेळी नवा टर्बोसुद्धा निळा धूर देतो. ऑइल फिलरच्या झाकणाखाली काळा गाळ दिसला तर सम्प (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) उतरवून आतली जाळी धुतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आणायचं सामान: गॅस्केटचा पूर्ण सेट, तांब्याचे नवे वॉशर, नवे स्टड आणि नट, ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर. नाना पेठेत एका फेरीत बहुतेक सगळं मिळतं. जुन्या टर्बोच्या प्लेटवरचा पार्ट नंबर लिहून न्या, गाडीचं नाव सांगून टर्बो घेऊ नका.

व्हीजीटीत नुसती कार्ट्रिज घरी बदलू नका. हे छोटे टर्बो मिनिटाला दोन लाखांच्या वर फेरे मारतात, बॅलन्सिंग मशीनवरच होतं. शिवाय आतल्या पात्यांचं सेटिंगही बिघडतं. पूर्ण टर्बोच घ्या, अ‍ॅक्च्युएटरच्या दांड्याला धरून उचलू नका आणि पात्यांची हद्द ठरवणाऱ्या स्टॉप स्क्रूला पाना लावू नका.

आदल्या रात्री एक्झॉस्टच्या सगळ्या नटांवर गंज सोडवणारं ऑइल मारून ठेवा. सकाळी बॅटरीची निगेटिव्ह काढा, हवेचे पाइप, हीट शील्ड, सायलेन्सरकडचा जोड, मग फीड पाइप आणि ड्रेन (ऑइल खाली परत नेणारी नळी), शेवटी मॅनिफोल्डचे नट. नट अडला तर जोर लावू नका, थोडा घट्ट, थोडा सैल असं करत काढा. स्टड आत तुटला तर रविवार संपला, मॅनिफोल्ड भोसरीच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये न्यावं लागेल. खालून काम करताना गाडी जॅक स्टँडवरच हवी, नुसत्या जॅकवर कधीही नाही. उघडं पडलेलं प्रत्येक तोंड लगेच स्वच्छ कापडाने बंद करा.

ऑइलच्या जोडांना सिलिकॉन अजिबात लावू नका. दाबल्यावर आत आलेला तुकडा सुटून ऑइलची वाट बंद करतो. एम8 नटांना टॉर्क बहुतेक ठिकाणी 25 न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, तरी तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधला आकडाच धरा.

घाटवाट:
गॅस्केट यांना पुरवणी, आणि ही जिवाची गोष्ट आहे. इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा गार करणारा भाग) उतरवून रिकामा करा. जुन्या टर्बोने सोडलेलं ऑइल तिथे साचलेलं असतं. इंजिनाने ते ओढलं तर ते डिझेलसारखं जळतं, इंजिन आपोआप पळत सुटतं आणि चावी काढली तरी थांबत नाही. रॉकेल किंवा डिझेलने आतून धुवा, उलटा ठेवून निथळू द्या आणि पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नका. कॉम्प्रेसरचं पातं तुटलं असेल तर तुकडेही तिथेच सापडतात.

पहिल्या स्टार्टला एकाने आत बसायचंच. इंजिन पळालं तर ब्रेक घट्ट दाबून, वरचा गिअर टाकून, क्लच सोडून ते बंद पाडायचं. पुढे कोणी उभं राहू नये. हवेच्या तोंडावर हात कधीच ठेवू नका.

कोथरूडकर:
दोघांचे मनापासून आभार. स्टार्ट न करता ऑइल वर कसं चढवायचं? इंजेक्टरचे पाइप सैल करू का?

गॅस्केट:
पाइपना हात लावू नका, कॉमन रेलमधलं (इंजेक्टरना डिझेल पुरवणारी नळी) प्रचंड दाबाचं डिझेल कातडीतून आत घुसतं. इंजेक्टरचे फक्त वायरिंगचे कनेक्टर काढा.

टर्बो बसवताना फीडच्या भोकातून सिरिंजने स्वच्छ ऑइल भरा आणि चाक बोटाने फिरवा, शाफ्टभर पसरेल. नवं ऑइल आणि फिल्टर घातल्यावर कनेक्टर काढलेलेच ठेवून स्टार्टर दहा सेकंद फिरवा, मिनिटभर थांबा, पुन्हा फिरवा. ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत हेच करायचं. मग कनेक्टर जोडा, स्टार्ट करा आणि पाच मिनिटं नुसतं आयडल. रेस अजिबात नाही. तेवढ्यात टॉर्च घेऊन बँजो बोल्ट आणि ड्रेनचा जोड बघून घ्या. साठलेले एरर कोड ओबीडी स्कॅनरने (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) पुसा.

पहिल्या वीस-तीस किलोमीटरला हलक्या पायाने चालवा. सायलेन्सरमध्ये जुनं ऑइल उरलेलं असतं, त्यामुळे थोडा वेळ पांढरट-निळा धूर येईल, तो हळूहळू कमी होतो. कमी झाला नाही तर टर्बोवर शंका घेण्याआधी ब्रीदर आणि ड्रेन पाइप पुन्हा बघा. सगळं कोरडं दिसलं की दिवे घाट चढून बघा, आणि वर पोचल्यावर इंजिन लगेच बंद करू नका, दोन मिनिटं आयडलवर ठेवा.