दुःखी चेहरे पाहिजेत, तेही शनिवारपर्यंत!

बर्डीचा माणूस:
मासकॉमच्या एका पोराची पोस्ट फिरत फिरत माझ्यापर्यंत आली. विषय नागपुरातली समलैंगिकता, 20 मिनिटांची डॉक्युमेंटरी. 'चेहरा दाखवून बोलणारे 5 जण हवेत. संघर्षाची कहाणी असेल तर उत्तम. शूट शनिवारी, फुटाळा तलावावर.' असेल तर उत्तम! वांगी निवडून राहिला काय बे?

मी गे आहे, वय 43. 2011 मध्ये अशाच एका पोराला मुलाखत दिली होती. चेहरा धूसर, आवाज बदललेला, सगळं ठरल्याप्रमाणे. फक्त मागे आमचा कूलर दिसत होता. बाबांनी उरलेल्या ऑइल पेंटने त्याला पोपटी रंग मारला होता, ब्रशचे ओघळ तसेच वाळलेले. अख्ख्या गल्लीत तसा दुसरा कूलर नव्हता. आठ दिवसांत मावशीचा आईला फोन. तेव्हा निदान समलैंगिक संबंध गुन्हा नाही म्हणणारा 2009 चा दिल्ली हायकोर्टाचा निकाल पाठीशी होता. डिसेंबर 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो फिरवला आणि मला रात्री झोप येईना, ती सीडी कोणाकोणाकडे असेल म्हणून.

कॅमेरावाला पोरगा:
दादा, पोस्ट माझीच. शब्द चुकले, सॉरी. पण सगळ्यांचे चेहरे झाकले तर बघणाऱ्याला वाटणारच ना, की लपवण्यासारखं काही आहे? 2018 लाच 377 कलमाखालचा समलैंगिक संबंधांचा गुन्हा गेला. इथे प्राइडच्या मिरवणुकीत लोक उघड्या चेहऱ्याने चालतात. शिवाय सबमिशन 28 ला आहे.

बर्डीचा माणूस:
मुखवटा घालून चालणारेही असतात, ते तुझ्या फ्रेममध्ये आले नसतील. कोर्ट गुन्हा काढून टाकतं, घरमालक नाही काढत. ऑक्टोबर 2023 मध्ये लग्नाचा हक्कही नाकारला गेला, तो निकाल वाचलास का? सबमिशन तुझं, आयुष्य त्याचं.

मानेवाड्याचा भाऊ:
एवढं काय त्याचं! आमच्या नात्यातल्या एकाचं असंच होतं. लग्न करून देल्लं, आता दोन पोरं आहेत. सुधारला.

सदरची:
त्याच्या बायकोला विचारलं का भाऊ, कितपत सुधारला?

मानेवाड्याचा भाऊ:
तिले काहून विचारू? संसार चालू आहे ना.

सदरची:
घ्या, डॉक्युमेंटरी इथेच आहे. फुटाळ्यावर कशाला जाता? आणि डॉक्टरकडे नेऊन 'बरं' करायचा सल्ला द्यायच्या आधी ऐका. नॅशनल मेडिकल कमिशनने 2022 मध्येच असल्या उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय.

निवृत्त मास्तर, महाल:
मूळ विषयावर मी बोलत नाही, माझी तक्रार वेगळी आहे. याने जोडलेली प्रश्नावली पाहिली. सगळी हिंदीत! 'आपको पहली बार कब पता चला?' नागपूरच्या पोराला नागपूरच्या माणसाशी मराठीत बोलता येत नाही? 1 मे 1960 पासून महाराष्ट्रात आहोत, पण ऑटोवाल्याशी हिंदी, भाजीवालीशी हिंदी, आता मनातलंही हिंदीत?

मानेवाड्याचा भाऊ:
बरोबर बोलले सर. पुण्यावाले हसतात आपल्यावर.

कॅमेरावाला पोरगा:
सर, माझा कॅमेरामन छिंदवाड्याचा आहे. आणि पुण्यावाल्यांसाठी फिल्म नाही बनवून राहिलो मी.

निवृत्त मास्तर, महाल:
उद्धटपणा नको. बत्तीस वर्षं मराठी शिकवलंय.

सदरची:
मास्तर, मी आईला मराठीत सांगूच शकले नाही. 'समलैंगिक' हा पेपरातला शब्द, आमच्या स्वयंपाकघरात तो कधी आलाच नव्हता. बाकीचे जे शब्द येत होते त्या शिव्या. आई मेथी निवडत बसली होती. मी म्हटलं, 'मम्मी, मुझे लड़के पसंद नहीं.' हिंदीत म्हटलं की सिरियलमधलं कुणीतरी बोलतंय असं वाटतं, तेवढं बरं पडतं. आईने जुडी खाली ठेवली नाही. म्हणाली, मराठीत बोल. आणि मला एक शब्द फुटला नाही.

निवृत्त मास्तर, महाल:
हं. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

तरी मराठीत हा विषय कधी नव्हताच, असं म्हणू नका. संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या र. धों. कर्व्यांवर त्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकातल्या ज्या उत्तरांवरून 1934 मध्ये खटला चालला, त्यांत समलिंगी संबंधांविषयीच्या प्रश्नाचं उत्तरही होतं. त्यांचे वकील बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, 200 रुपये दंड झाला. दीक्षाभूमी ज्या गावात आहे त्या गावच्या पोराने यावर फिल्म करायची आणि याचा एक प्रश्न त्यात नाही, म्हणून चिडलो.

कॅमेरावाला पोरगा:
खरंच माहीत नव्हतं. ओपनिंग मिळालं, थँक्यू.

बर्डीचा माणूस:
ओपनिंग मिळालं म्हणे! आधी सारथी ट्रस्टमध्ये, आपल्या लोकांसाठी काम करणाऱ्या इथल्या संस्थेत, जाऊन बस, कॅमेरा न घेता. संमतीच्या कागदात लिही की फिल्म कुठे दाखवणार, नेटवर टाकणार का, आणि 'नको' म्हटल्यावर कितीव्या दिवसापर्यंत काढून टाकणार. आणि शूटच्या आधी त्या माणसालाच फ्रेम दाखव. कूलर त्यालाच दिसेल, तुला नाही दिसणार.

कॅमेरावाला पोरगा:
शनिवार रद्द केला. गाइड मॅडम ओरडल्या. तुम्ही खुश?

बर्डीचा माणूस:
खुश नाही. पण बरं केलंस.

निवृत्त मास्तर, महाल:
प्रश्नावली पाठव. मराठी करून देतो. 'पता चला'ला 'कळलं' म्हणतात, 'लक्षात आलं' नाही.

सदरची:
दोन्ही भाषा ठेव, माणूस ठरवेल. मी काल आईला हा धागा वाचून दाखवला. ती बोलायला तयार आहे. चेहरा दाखवायचा की नाही ते तिचं ती सांगेल. पण मराठीतच बोलणार म्हणते, आणि तुझ्या 20 मिनिटांत तिचं आवरायचं नाही.