संहिता नको, आख्यान द्या

'भाषाकेंद्रातले सांस्कृतिक कार्यक्रम म्हणजे महिनाभर तालीम आणि भाषेच्या नावाने शून्य' असं काही जण म्हणतात. मला ते निम्मंच पटतं. लिहून दिलेली पानं घोकून म्हटली तर तसंच होणार. पोरगा रंगमंचावर धडाधड जर्मन बोलतो आणि खाली उतरला की पाणी कुठे आहे तेही विचारता येत नाही. पण हा दोष पाठांतराचा, कार्यक्रमाचा नव्हे.

तळकोकणातलं दशावतार हे लोकनाट्य बघा. छापील संहिता नसते. आख्यान, म्हणजे पुराणातली गोष्ट, कुठलं, कोण काय करणार, प्रवेशांचा क्रम काय, एवढंच आधी ठरतं. संवाद नट उभ्या उभ्या रचतात, समोरच्याचं ऐकून. रत्नागिरीत जर्मन शिकणाऱ्यांच्या आमच्या गटात आम्ही हेच केलं. प्रसंग दिला: जेटीवर सुरमई विकणारी बाई आणि घासाघीस करणारा पाहुणा. सुरुवातीला नुसतं अंऽ अंऽ. मग ती मुलगी टोपलीवर हात ठेवून 'नाइन, नाइन' (नाही, नाही) म्हणत भाव सोडेना, तेव्हा त्या पोराला 'काल तर स्वस्त होती' म्हणायला भूतकाळ शोधावाच लागला. क्रियापद चुकलं, पण भाव उतरला! (मालवणी घरातली, म्हणजे दशावतार बघत वाढलेली मुलं यात जास्त धीट निघाली.)

शिक्षकांनी मात्र मध्ये तोंड घालायचं नाही. चुका टिपून ठेवायच्या नि पुढच्या तासाला घ्यायच्या. पालकांना बोलावणार असाल तर ओळखीचं आख्यान घ्या, म्हणजे जर्मनचा गंध नसलेल्या आजीलाही कोण कोणावर चिडलंय ते कळतं.