मदत हवी आहे: एआरडीएसमध्ये शिरेतून लिग्नोकेन

नमस्कार. मी भूलशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला असून, फुप्फुसांच्या तीव्र दाहात, म्हणजे एआरडीएसमध्ये, शिरेतून दिलेल्या लिग्नोकेनचा उपयोग होऊ शकतो का, या विषयावर मला विभागात मांडणी करायची आहे. १९४३ मध्ये स्वीडनमध्ये तयार झालेले हे औषध सोडियमच्या वाहिन्या रोखून जागा बधिर करते, हे पाठ आहे. परंतु न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींचे रक्तवाहिनीच्या अस्तराला चिकटणे आणि इंटरल्यूकिन-६ सारख्या दाह वाढवणाऱ्या द्रव्यांचे स्रवणे ते कोणत्या मार्गाने कमी करते, हे मला नीट उलगडून सांगता येत नाही.

खरी अडचण मात्रेची आहे. रक्तातील पातळी दर मिलिलिटरला ५ मायक्रोग्रॅमच्या वर गेली, की जीभ बधिर होणे, कानात गुणगुण आणि पुढे झटके यांचा धोका वाढतो. पण श्वासनलिकेत नळी असलेला, गुंगीत ठेवलेला रुग्ण जिभेचे सांगणार कसा? त्यातच यकृत मंदावले असेल तर औषध साचत जाते. अशा रुग्णांना सिरिंज पंपावर लिग्नोकेन चालवण्याचा अनुभव असलेल्यांनी, ईसीजीवर नेमके काय पाहिले आणि लिग्नोकेनच्या विषबाधेवर उतारा म्हणून देतात ते २० टक्के लिपिड इमल्शन उशाशी तयार ठेवले होते का, हे कृपया कळवावे. लिग्नोकेन आणि डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड, अशी दोन्ही एकत्र दिल्याचे कोणाच्या वाचनात असल्यास तेही हवे आहे, कारण सरांचा पहिला प्रश्न तोच असणार.