निर्वासिताला पहिल्या दिवसापासून दवाखान्याचं पूर्ण कार्ड द्यावं का?

अश्विनी_सातरस्ता
माझी धाकटी बहीण जर्मनीत नर्स आहे, शिकली इथंच सोलापुरात. परवा व्हिडिओ कॉलवर तिनं जे सांगितलं ते डोक्यातनं जाईना म्हणून लिहितेय. तिच्या वॉर्डात सीरियाची एक बाई आली, पन्नाशीची, शुगर 400 च्या वर, पायाचा अंगठा काळा पडलेला. पर्समध्ये गोळ्यांची पट्टी, त्यात दोनच गोळ्या उरलेल्या, आणि नाव छापलेला तुकडा नेमका फाटून गेलेला. तिथला कायदा 1993 चा. आश्रयाच्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत दुखणं अचानक उद्भवलं किंवा वेदना होत असतील तरच उपचार, बाळंतपण आणि लसी तेवढ्या धरलेल्या. बाकी सगळं अधिकाऱ्याच्या मर्जीवर. बऱ्याच ठिकाणी डॉक्टरकडे जायच्या आधी ऑफिसातनं चिठ्ठी आणावी लागते. आता शुगरमध्ये पायाला जाणीवच राहत नाही, तर दुखणार कुठनं? दुखत नाही म्हणून बाई चिठ्ठी मागायलाच गेली नाही. अंगठा काढावा लागला. आणि निकाल लागला नाही तर ही अडवणूक आधी 18 महिन्यांनी संपायची, ती मुदत 2024 मध्ये 36 महिने केली. मला हे चूक वाटतं, आल्या दिवशी विम्याचं कार्ड, म्हणजे चिठ्ठीशिवाय थेट डॉक्टरकडे जाता येईल असं, हातात द्यायला पाहिजे.

बाळीवेसचा_शिवा
ताई, वाईट वाटलं वाचून. पण दुसरी बाजू पण बघा की. सिव्हिलला सकाळी आठला केसपेपरच्या लाइनीत उभं राहून बघा एकदा, बार्शी, अक्कलकोट, इंडी, कुठनं कुठनं लोक आलेले असतात. माझ्या आईला एमआरआयची तारीख दीड महिन्यानंतरची मिळाली होती, मी रोज जाऊन विचारायचो. जर्मनीत 2015 या एका वर्षात जवळपास 8 लाख 90 हजार लोक आले, डॉक्टर मात्र होते तेवढेच. तिथं पगारातनं आयुष्यभर विम्याचे पैसे कापून घेतलेला म्हातारा माणूस पण लाइनीतच आहे, त्याला काय सांगणार? जीव जात असेल तर उपचार कराच, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण सगळं सगळ्यांना पहिल्या दिवशी, हे कुठल्याच सरकारला झेपायचं नाही.

डॉक्टर_होतोय
शिवाभाऊ, झेपण्याचंच बोलू. ब्रेमेन शहरानं 2005 पासून चिठ्ठीची भानगड काढून कार्ड दिलं, नंतर हॅम्बुर्गनं दिलं. आणि 1994 ते 2013 चे आकडे तपासून 2015 मध्ये तिथल्याच संशोधकांनी मांडलं की ज्यांना उपचार अडवून ठेवले त्यांच्यावरचा माणशी खर्च उलट जवळपास 40 टक्के जास्त होता. कारण सरळ आहे, शुगरची गोळी स्वस्त असते, अंगठा कापणं, मग ड्रेसिंग, मग परत ॲडमिट हे महाग. मी सर्जरीच्या वॉर्डात डायबेटिक फूटचे पेशंट बघितलेत, एकेक जण तीन तीन आठवडे कॉट अडवून पडतो. म्हणजे तुमची लाइन वेळेवर न दिलेल्या गोळीमुळंच लांबते.

जुना_मास्तर
मला 1971 आठवतं, मी तेव्हा शाळेत होतो. पूर्व पाकिस्तानातनं एक कोटीच्या आसपास माणसं आली, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाईनच्या बाटल्या संपल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून ड्रम भरून ठेवले आणि नातेवाइकांनाच पाजायला सांगितलं. शंभरातले तीसच्या आसपास दगावत होते ते चारच्याही खाली आले. निर्वासितांना आसरा द्यायचा जो 1951 चा आंतरराष्ट्रीय करार आहे, त्यात आपला देश तेव्हाही नव्हता आणि आजही नाही, तरी केलंच ना? आणि आपण तर डॉ. कोटणीसांच्या गावचे. 1938 ला युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला गेले, 1942 ला तिथंच वारले.

बाळीवेसचा_शिवा
मास्तर, तुमच्याबद्दल आदर आहे, पण 1971 चे बहुतेक लोक वर्षभरात परत गेले, आणि ती साथ होती. साथीत कोण कागद विचारत बसणार. आणि कोटणीसांनी स्वतःचं आयुष्य दिलं हो, दुसऱ्याचा नंबर नाही दिला. हा फरक लई मोठा आहे.

पद्मा_कुंभारी
मला वेगळंच सांगायचंय. सगळे कार्डावर भांडताय, भाषेचं कोणीच बोलेना. आम्ही तेलुगू, आई विड्या वळायची. मी दहा वर्षांची असताना तिच्याबरोबर डॉक्टरकडं गेले, कारण घरात मराठी मलाच नीट यायची. आईनं तेलुगूत हळू आवाजात सांगितलं की महिन्याचं थांबतच नाही, पंधरा पंधरा दिवस जातंय. समोर डॉक्टर, मागं दाराजवळ माणसं उभी. मला लाज वाटली आणि मी सांगितलं, पोट दुखतं. पोटाच्या गोळ्या मिळाल्या. सहा महिन्यांनी ती चक्कर येऊन पडली, रक्त चढवावं लागलं, मग पिशवी काढली. केसपेपर होता, डॉक्टर होता, औषध पण फुकट होतं. अजून त्या दिवसाचं आठवलं की गिळवत नाही. तिथं सुद्धा पोरंच आईबापाचं दुखणं सांगत असणार. दुभाषा द्या आधी, मोठा माणूस द्या, बाई असेल तर बाईच द्या.

बाळीवेसचा_शिवा
पद्माताई, याला माझा विरोध नाही. दुभाषा द्या, लसी द्या, पोरांचं सगळं करा. बीपी-शुगरच्या गोळ्या पण द्या, डॉक्टरसाहेबांचा हिशोब पटला मला. पण गुडघा बदलायचा असेल, मोतीबिंदू असेल, तर आधीच्या माणसाच्या मागं नंबर लावा. पूर्ण कार्डाला माझं अजून नाहीच आहे.

अश्विनी_सातरस्ता
मोतीबिंदूवाल्या माणसाला नवी भाषा शिकायचा क्लास असतो, फळ्यावरचं दिसलंच नाही तर तो नोकरीला लागणार कधी आणि विम्याचे पैसे भरणार कधी? कार्ड असलं तरी नंबर मागंच लागणार की, पुढं घुसवा असं मी कुठं म्हटलं? त्याला लाइनीत उभं तरी राहू द्या, एवढंच म्हणतेय.
पद्मा, तुझं वाचून बहिणीला परत फोन केला. त्या बाईच्या वेळी दुभाषा नव्हताच. ती पट्टी हातात धरून एकच शब्द परत परत म्हणत होती, सुक्कर, सुक्कर. जर्मन नर्सला कळेना. बहिणीला साखर ऐकू आली आणि ती ग्लुकोमीटर घेऊन धावली.