‘फ्लो’ जिंकला म्हणून ऑस्करचा पंक्तिप्रपंच संपला का?

दर_सेकंदी_२४:
परवा ‘जुना_प्रेक्षक’ यांनी लिहिलं होतं, "आधी जपानचा मियाझाकी, मग लाटव्हियाची मांजर, म्हणजे ‘फ्लो’. सलग दोन वर्षं अ‍ॅनिमेशनचं ऑस्कर बाहेरच्यांनी नेलं. आता तरी परदेशी आणि मोठ्यांच्या चित्रपटांना डावलतात हे रडगाणं थांबवा." दोन दिवस गप्प बसलो, पण ते ‘रडगाणं’ डोक्यातून जाईना. म्हणून हा वेगळा धागा.

आधी हिशोब. पूर्ण लांबीच्या अ‍ॅनिमेशनपटाचं ऑस्कर २००१ च्या चित्रपटांपासून सुरू झालं. २०२४ च्या चित्रपटांपर्यंत चोवीस पुरस्कार झाले. त्यातले पिक्सारचे अकरा, डिस्नेच्या स्वतःच्या स्टुडिओचे चार. पंधरा एकाच घरात. २०१२ ते २०१७ ही सहा वर्षं तर दुसऱ्या कुणाला बाहुलीला हातही लावता आला नाही.

आता मुख्य मुद्दा. परदेशी आणि प्रौढांसाठीचे या दोन गोष्टी तुम्ही एकाच दावणीला बांधल्यात. परदेशी चित्रपटाला दार किलकिलं झालंय, हे मान्य. ‘फ्लो’ मला जिवापाड आवडला. ब्लेंडरसारख्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर छोट्या गटाने केलेलं काम आहे ते. पण त्यात एकही संवाद नाही, मांजर आहे, कुत्रा आहे, मतदाराला नातवंडांना घेऊन बघता येतो. मोठ्यांसाठीच्या ‘पर्सेपोलिस’चं काय झालं? ‘रॅटाटुई’पुढे हरला. ‘अ‍ॅनोमलिसा’ ‘इनसाइड आउट’पुढे. ‘आय लॉस्ट माय बॉडी’ ‘टॉय स्टोरी ४’पुढे. ‘फ्ली’ला माहितीपट, आंतरराष्ट्रीय आणि अ‍ॅनिमेशन अशी तीन नामांकनं मिळाली आणि तिन्हीकडून तो रिकाम्या हाताने परतला. ‘आर’ प्रमाणपत्राचा, म्हणजे अमेरिकेत मोठ्यांसाठीचा ठरवलेला, एकही चित्रपट आजवर हा पुरस्कार जिंकलेला नाही. जपानी दिग्दर्शक सातोशी कोन चार पूर्ण लांबीचे चित्रपट करून २०१० साली गेला, त्याला एक साधं नामांकनही मिळालं नाही. याला तुम्ही रडगाणं म्हणता?

जुना_प्रेक्षक:
रडगाणंच म्हणतो, आणि परत म्हणतो. पाच नामांकनं असली की चार हरणारच. हरणं म्हणजे डावललं जाणं नव्हे. तुमच्या यादीतला प्रत्येक चित्रपट पंगतीत बसलेला आहे, ताट वाढलेलं आहे. ‘रॅटाटुई’ हा ‘पर्सेपोलिस’पेक्षा सरस चित्रपट आहे हे माझं प्रामाणिक मत. मी दोन्ही थिएटरात पाहिलेत. एखाद्या चित्रपटात क्रांती आणि युद्ध आहे म्हणून तो आपोआप थोर ठरत नाही, आणि उंदीर स्वयंपाक करतो म्हणून चित्रपट पोरकट होत नाही.

शिवाय लघुपटांच्या पुरस्काराकडे तुम्ही सोयीस्कर डोळेझाक केलीत. ‘हार्वी क्रम्पेट’, ‘रायन’, ‘लोगोरामा’, ‘द विंडशील्ड वायपर’ हे काय बालचित्रपट आहेत? ऑस्ट्रेलिया, कॅनडा, फ्रान्स, स्पेन. २०२५ साली तर इराणचा ‘इन द शॅडो ऑफ द सायप्रस’ जिंकला, युद्धाने मोडलेल्या बापाची गोष्ट. तेच सदस्य, तीच अकादमी.

मुक्ता_क:
लघुपटांचं नाव काढलंत तर पुढचंही सांगा. २०२२ च्या सोहळ्यात ज्या आठ पुरस्कारांची बोळवण थेट प्रक्षेपणाच्या आधीच केली, त्यात अ‍ॅनिमेशन लघुपटाचा पुरस्कार होता. ‘विंडशील्ड वायपर’ त्याच वर्षीचा. म्हणजे मोठ्यांच्या गोष्टीला पुरस्कार दिला, पण मागच्या दाराने. आणि त्याच रात्री मंचावरून अ‍ॅनिमेशनपटांची ओळख करून देताना काय सांगितलं गेलं? लहान मुलं हे चित्रपट पुन्हा पुन्हा बघतात आणि आईबापांना ते ठाऊक असतं. त्या वेळी नामांकनांत ‘फ्ली’ होता. अफगाणिस्तानातून जीव मुठीत धरून पळालेल्या माणसाची सत्यकथा! त्याचे लोक समोर बसून हे ऐकत होते. माझा तिळपापड झाला होता. ‘स्पायडर-व्हर्स’ अ‍ॅनिमेशनपटांचे निर्माते लॉर्ड आणि मिलर यांनीही नंतर यावर जाहीरपणे लेख लिहिला.

आणि जुना_प्रेक्षक, ‘ताट वाढलेलं आहे’ म्हणता, पण जेवण कोण चाखतंय ते बघा. २०१५ मध्ये एका मतदाराने नाव न सांगता आपली मतपत्रिका एका हॉलिवूडच्या नियतकालिकाला उलगडून दाखवली होती. ‘लेगो मूव्ही’ला नामांकन नाही म्हणून चिडून त्याने इतर दोन चित्रपटांना शिवी हासडून ‘चिनी’ म्हटलं होतं. ते दोन चित्रपट कुठले? आयर्लंडचा ‘साँग ऑफ द सी’ आणि जपानचा ‘प्रिन्सेस कागुया’. दिग्दर्शक ताकाहाताचा शेवटचा चित्रपट. मत देणाऱ्या माणसाला तो चित्रपट कुठल्या देशाचा हेही माहीत नाही. अंतिम मतदान सगळी अकादमी करते, त्यातल्या बहुतेकांचा अ‍ॅनिमेशनशी संबंध मुलांपुरता. नामांकनातले सगळे चित्रपट पाहिल्याशिवाय त्या गटात मत देता येणार नाही हा नियम त्यांनी जाहीर केला २०२५ साली! म्हणजे तोवर न बघता देता येत होतं.

जुना_प्रेक्षक:
न बघता मत देणं चूक होतं. इथे वाद नाही. पण एका उद्धट माणसावरून अख्ख्या अकादमीला फासावर चढवू नका.

तिरकी_रेघ:
मुळात मोठ्यांसाठीच्या अशा निम्म्या चित्रपटांना अ‍ॅनिमेशन म्हणायचं का, हा प्रश्न कुणी विचारत नाहीये. व्हॅन गॉगवरचा ‘लव्हिंग व्हिन्सेंट’ घ्या. नट घेऊन आधी चित्रीकरण केलं आणि मग वर रंग लावला. ‘वॉल्ट्झ विथ बशीर’ही तसाच. चित्रीकरण गिरवायचं आणि मग म्हणायचं आम्हाला अ‍ॅनिमेशनचं बक्षीस द्या. मी अकरा वर्षं इनबिट्वीनर होतो. दोन मुख्य रेखाटनांच्या मधली चित्रं काढून काढून मनगट कामातून गेलं. चालणाऱ्या माणसाचं वजन कुठल्या पायावर आहे हे रेघेतून दाखवायला मला चार वर्षं लागली. ते वजन कॅमेऱ्याने आयतं दिलं तर अ‍ॅनिमेटरने काय केलं? ‘रॅटाटुई’च्या शेवटच्या श्रेयनामावलीत लिहिलंय की हे शंभर टक्के अस्सल अ‍ॅनिमेशन आहे, मोशन कॅप्चर, म्हणजे नटाच्या हालचाली यंत्राने टिपणं, वापरलेलं नाही. ते वाचून मी थिएटरात एकटाच टाळ्या वाजवत होतो.

मुक्ता_क:
‘बशीर’ गिरवलेला नाही! हे कितीदा सांगायचं? दिग्दर्शक आरी फोलमनने आधी व्हिडिओवर मुलाखती आणि प्रसंग चित्रित केले, त्यावरून स्टोरीबोर्ड, म्हणजे प्रसंगांची चित्रमालिका, केला, मग डेव्हिड पोलोन्स्की आणि त्याच्या चित्रकारांनी सगळं नव्याने काढलं आणि योनी गुडमनच्या गटाने ते हलवलं. फ्लॅश सॉफ्टवेअरमधले कापलेले तुकडे, थोडं हाताचं रेखाटन, थोडं थ्रीडी. व्हिडिओ समोर ठेवणं आणि व्हिडिओवर गिरवणं यातला फरक अकरा वर्षं काम केलेल्या माणसाला मी सांगायचा का?

तिरकी_रेघ:
माणसं चालतात ती बघा आधी. तरंगल्यासारखी. ती कुठल्या अंगाने हाताने काढल्यासारखी वाटतात?

मुक्ता_क:
तरंगतात, कारण तुकडे सरकवलेत! गिरवलं असतं तर तरंगली नसती. तुम्ही स्वतःच्याच मुद्द्याविरुद्ध पुरावा देताय.

अबोली७:
मी सहसा लिहीत नाही, पण ‘वर रंग लावला’ हे वाचून हात थरथरले. मी रोटोस्कोपचं, म्हणजे चित्रीकरणावरून फ्रेमगणिक रेखाटायचं, काम केलंय, एका स्टुडिओत, पावणेदोन वर्षं. आलेली फ्रेम तशीच गिरवली तर पडद्यावर चेहरा मेलेला दिसतो. कुठली सुरकुती ठेवायची आणि कुठली सोडायची हे प्रत्येक फ्रेमला ठरवावं लागतं. ते ठरवणं म्हणजेच रेखाटन. एका पात्राच्या हनुवटीवर माझे तीन आठवडे गेले. चित्रपट आला तेव्हा श्रेयनामावलीत माझं नाव नव्हतं. विचारलं तर पर्यवेक्षक म्हणाले, "तुमचं काम गिरवायचं होतं ना?" तुमच्यासारखेच बोलले ते. ‘लव्हिंग व्हिन्सेंट’मध्ये शंभराहून अधिक चित्रकारांनी तैलरंगात सुमारे ६५,००० फ्रेम रंगवल्या. जाऊन सांगा त्यांना की तुम्ही काही केलं नाही.

तिरकी_रेघ:
तुमचं नाव गाळलं ते वाईटच. पण कष्ट झाले म्हणजे अ‍ॅनिमेशन झालं असं नाही. हमालही कष्ट करतो.

अबोली७:
हमाल म्हणालात ते लक्षात ठेवीन.

दर_सेकंदी_२४:
तिरकी_रेघ, शब्द जपून. आणि रोटोस्कोप हा काही पळवाटवाल्यांचा शोध नाही. अ‍ॅनिमेटर मॅक्स फ्लायशरला त्याचं पेटंट १९१७ साली मिळालं. ‘स्नो व्हाइट’साठी डिस्नेने जिवंत नर्तकीचं चित्रीकरण समोर ठेवलं होतं. तिला तुम्ही अ‍ॅनिमेशनमधून काढणार का? ‘हॅपी फीट’मधले पेंग्विन तर मोशन कॅप्चरवर नाचले आणि ऑस्कर घेऊन गेले. पेंग्विन नाचला तर चालतं, व्हॅन गॉगचा टपालवाला चालला की नियम आठवतात.

मूळ प्रश्नावर येऊ या का? ‘बशीर’ ज्या वर्षीचा, त्या २००८ साली नामांकनं तीनच होती: ‘बोल्ट’, ‘कुंग फू पांडा’ आणि ‘वॉल-ई’. ‘वॉल-ई’बद्दल माझी तक्रार नाही. पण ‘बोल्ट’! युद्धाची आठवण पुसून टाकलेल्या सैनिकाचा चित्रपट परदेशी भाषेच्या गटात नामांकन मिळवतो आणि अ‍ॅनिमेशनच्या गटात ‘बोल्ट’पुढे उभा राहत नाही. जुना_प्रेक्षक, इथे ताट कुठे वाढलं होतं?

जुना_प्रेक्षक:
‘बोल्ट’चं समर्थन मी करणार नाही. ते एक वर्ष तुमचं.

पण तुमचं दुखणं भलतीकडेच आहे. प्रौढांच्या चित्रपटांसाठी वेगळी पंगत मांडली तरी तुम्ही ओरडणार. अ‍ॅनी या खास अ‍ॅनिमेशनसाठीच्या पुरस्कारांनी २०१५ च्या चित्रपटांपासून स्वतंत्र निर्मितीसाठी वेगळा गट केला, पहिलाच पुरस्कार ब्राझीलच्या ‘बॉय अँड द वर्ल्ड’ला. नंतर ‘रेड टर्टल’, ‘आय लॉस्ट माय बॉडी’, ‘फ्ली’. यापेक्षा काय करायचं?

मुक्ता_क:
वेगळी पंगत हीच तर तक्रार आहे. ‘आय लॉस्ट माय बॉडी’ला तिथे बसवलं की मुख्य पंगतीत त्याचा विचार करायची जबाबदारी संपली. पण अ‍ॅनीचंच उदाहरण तुमच्या विरोधात जातं. त्याच वर्षी तिथला मुख्य पुरस्कार स्पेनच्या सर्जिओ पाब्लोसच्या ‘क्लाउस’ला गेला. ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कारही त्यालाच. ऑस्करने मात्र ‘टॉय स्टोरी ४’ निवडला. अ‍ॅनीत मत देतात ते बहुतांशी या कामातले लोक. जे स्वतः रेघ ओढतात त्यांना ‘क्लाउस’मधला प्रकाश दिसला. बाकीच्यांना ओळखीचं खेळणं दिसलं.

जुना_प्रेक्षक:
‘क्लाउस’ मुलांचाच चित्रपट आहे. परदेशी म्हणून मोजा, मोठ्यांचा म्हणून मोजू नका. आणि हे कामातले लोक नेहमी बरोबर असतात असंही नाही. २००८ साली याच अ‍ॅनीने ‘कुंग फू पांडा’वर पुरस्कारांची खैरात केली आणि ‘वॉल-ई’ला एकही दिला नाही.

मुक्ता_क:
ते लाजिरवाणं होतं. मान्य.

वैशाखी:
मी कामातली नाही, साधी प्रेक्षक आणि आई आहे. ‘मोठ्यांचं अ‍ॅनिमेशन’ ही भानगड कळत नसली की काय होतं ते सांगते. आमच्या वाचनालयात ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ची डीव्हीडी बालविभागात ठेवली होती. वेष्टनावरच्या चित्रात दोन मुलं आणि काजवे, आत युद्धात उपासमारीने मरणाऱ्या भाऊ-बहिणीची गोष्ट. मी घेऊन आले, नऊ वर्षांच्या मुलाला लावून दिली आणि इस्त्री करत बसले. शेवटी तो माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. पुढे कित्येक रात्री तो धाकट्या बहिणीचं पांघरूण उठून उठून तपासायचा. परत द्यायला गेले आणि सांगितलं की हा मोठ्यांच्या कपाटात ठेवा, तर उत्तर मिळालं, "कार्टून आहे ना ते." मला पुरस्कारांचं गणित येत नाही. पण ‘कार्टून आहे ना’ म्हणणारा माणूस मत देत असेल तर तो काय निवडेल हे मला नक्की कळतं.

जुना_प्रेक्षक:
वैशाखीताई, मुलाचं वाचून कसंतरी झालं. पण एक सांगतो, जपानमध्येही १९८८ साली तो चित्रपट मुलांच्या ‘टोटोरो’बरोबर एकाच तिकिटात दाखवला होता. त्या लोकांनी मुलांना दुःखापासून दूर ठेवलं नाही. मुलांचं आणि मोठ्यांचं अशी कुंपणं घालायचा आग्रह मला म्हणूनच पटत नाही.

वैशाखी:
दादा, कुंपण नको, पण वेशीवर पाटी तरी हवी ना.

दर_सेकंदी_२४:
जुना_प्रेक्षक, कुंपण नको हे खरं असेल तर मग तुमचं आणि माझं भांडण उरतंच कुठे? दिग्दर्शक देल तोरोने ‘पिनोकिओ’साठी ऑस्कर घेताना हेच सांगितलं, अ‍ॅनिमेशन म्हणजे चित्रपट, तो काही चित्रपटाचा प्रकार नव्हे. तुम्ही कुंपण नाही म्हणता आणि तरी चोवीस वर्षांत ‘आर’वाला एकही का नाही याचं उत्तर देत नाही. पीजी-१३ वाला, म्हणजे तेरा वर्षांखालच्यांसाठी सावधगिरीचा इशारा असलेला, पहिला विजेतासुद्धा थेट ‘द बॉय अँड द हेरन’, म्हणजे तेविसाव्या खेपेला, आणि तोही मियाझाकीच्या नावाच्या वजनावर.

लघुपटांबद्दल मात्र तुमचं बरोबर. मी ते यादीत घ्यायला हवं होतं. ‘रायन’ मला पाठ आहे, तरी लिहिताना आठवला नाही.

जुना_प्रेक्षक:
उत्तर देतो. ‘आर’वाले नामांकनापर्यंत पोचलेलेच मोजके. ‘अ‍ॅनोमलिसा’, ‘मेम्वार ऑफ अ स्नेल’. त्यातला ‘अ‍ॅनोमलिसा’ जिंकायला हवा होता का? ‘इनसाइड आउट’च्या वर्षी? नाही. ‘स्नेल’ ‘फ्लो’च्या वर्षी? नाही. एकेका वर्षाला विचारलं तर माझं उत्तर दर वेळी तेच येतं. सगळी वर्षं एका ओळीत मांडली की ती ओळ वाईट दिसते, हे मला दिसतंय. तेवढंच मान्य. ‘रडगाणं’ हा शब्द मागे घेतो, मत नाही. ‘फ्ली’ मी अजून पाहिलेला नाही, या आठवड्यात पाहीन.

मुक्ता_क:
न बघताच सहाव्या प्रतिसादापर्यंत आलात!

जुना_प्रेक्षक:
‘फ्ली’चं नाव फक्त अ‍ॅनीच्या यादीत घेतलं, तो चांगला की वाईट याबद्दल मी एक अक्षर लिहिलेलं नाही. वर जाऊन वाचा.

तिरकी_रेघ:
काल रात्री ‘बशीर’ पुन्हा लावला. सुरुवातीचे सव्वीस कुत्रे चार वेळा मागेपुढे करून पाहिले. पुढचे पाय टेकताना खांदा दबतो, मग मान येते. हे चित्रीकरणावरून आलेलं नाही, कुणीतरी बसून काढलंय. मुक्ता_क, ‘बशीर’बद्दलचं मागे घेतो.

‘व्हिन्सेंट’बद्दल नाही. पण अबोली७, तो हमाल शब्द मी लिहायला नको होता. तुम्ही त्या हनुवटीत कुठली रेघ ठेवलीत आणि कुठली सोडलीत, ते सांगाल का? खरंच विचारतोय.

अबोली७:
डावीकडची ठेवली. बोलताना तीच आधी हलायची.