‘खात्यापित्या घरचा’ माणूस तापाला पुरून उरतो?

मु. पो. चिंचवड: परवा लग्नात मावशीने पोटावर टिचकी मारली. "खात्यापित्या घरचा आहेस, ताप तुझं काय वाकडं करणार!" माझं मत नेमकं उलट आहे: जादा चरबी प्रतिकारशक्तीच बिघडवते. चरबी म्हणजे कोठारातलं धान्य नव्हे. चरबीच्या पेशी फुगत जातात, काही मरतात आणि त्या मेलेल्या पेशीभोवती मॅक्रोफेज (मेलेल्या पेशी नि जंतू गिळणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या पेशी) कडं करून बसतात. २००३ साली उंदरांत हे मोजलं गेलं: सडपातळ उंदराच्या चरबीत मॅक्रोफेज दहा टक्क्यांच्या आत, अतिलठ्ठ उंदरात पन्नाशीपार! त्यांच्यातून टीएनएफ-अल्फा हे दाह पेटवणारं रसायन झिरपत राहतं आणि पेशी रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला दाद देईनाशा होतात.

कोथिंबीर: झालं, पुन्हा जाड्यांवर खापर. मी ८२ किलोची, साखर नॉर्मल. तरी सर्दीसाठी गेले तरी डॉक्टर आधी काट्यावर उभं करतात. पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा २००४ चा ‘लॅन्सेट’मधला फोटो आठवा. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिनांची ९.१. काट्याला काय कळतं?

मु. पो. चिंचवड: ताई, हे तर माझ्याच बाजूचं झालं! मी चरबीबद्दल बोलतोय, किलोंबद्दल नाही. एनके पेशींचं, म्हणजे कर्करोगाच्या पेशी मारणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या शिपायांचं बघा (२०१८ चं संशोधन). लठ्ठपणात त्या स्वतःच चरबीने भरतात आणि साखर जाळून ऊर्जा काढणं मंदावतं. कर्करोगाच्या पेशीला धरतात, पण मारायचा मसाला बाहेर पडत नाही. पंगतीत आडवा हात मारून बंदोबस्ताला आलेला हवालदार. चोराची कॉलर धरलीय, पण शिट्टी फुंकवत नाही.

रात्रपाळी: उपमा झकास, पण चित्र इतकं एकरंगी नाही. लठ्ठपणात टी-पेशी (प्रतिकारशक्तीचे आणखी एक शिपाई) दमतात, त्यांना आवरणाऱ्या पीडी-१ या प्रथिनाचा ब्रेक वाढतो, हे खरं. पण तोच ब्रेक सोडवणारी कर्करोगाची औषधं काही लठ्ठ रुग्णांत जास्त लागू पडलेली दिसलीत.

मु. पो. चिंचवड: म्हणजे आधी कर्करोग होऊ द्यायचा, मग औषध लागू पडलं म्हणून पेढे वाटायचे?

रात्रपाळी: तसं म्हटलंय का मी? सरसकट ‘प्रतिकारशक्ती कमी’ म्हणू नका, एवढंच. एकीकडे ती नको तिथे धुमसते, दुसरीकडे हवी तेव्हा ढिली पडते.

कोथिंबीर: हे पटलं. आत्ताच कंबर मोजली. आपल्याकडे बायकांना ८० सेंटीमीटरची मर्यादा सांगतात ना? ८९ भरली. टेप जुना आहे, आखडला असेल.